न कळलेल्या कागदाची दवंडी

धोंडप्पा कोतवालाचा आवाज पार मळ्यापर्यंत पोचायचा. उमरगा तालुक्यातल्या, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या त्याच्या गावात अजून मोबाईलपेक्षा त्याच्या हलगीवर भरवसा जास्त. सव्वीस वर्षं दवंडी देत होता, पण गड्याचा एक हट्ट होता. स्वतःला कळलं नाही, ते तोंडातून काढायचं नाही.

एक दिवस रणधीर तलाठ्यानं त्याच्या हातात इंग्रजी नोटीस ठेवली. गायरानाबद्दल आहे आणि दवंडीपासून पंधरा दिवसांत हरकती घ्यायच्या, एवढंच तो बोलला. गावातली सगळी मेंढरं त्याच गायरानात चरायची.

"ह्यात लिवलंय काय, साहेब?"

"तुम्हाला काय करायचंय? नोटीस आली म्हणून सांगा आणि दवंडीच्या पंचनाम्यावर सही करा."

"पंचनाम्यात 'समजावून सांगितली' असं हाय. म्या काय समजावू, डोंबल?"

"धोंडप्पा, नोकरी जड झाली का?"

धोंडप्पानं गुमान हलगी उचलली. तलाठी खूश. पण पारावर जाऊन ह्यानं आरोळी ठोकली, "ऐका हो ऐका! गायरानाचा सरकारी कागद आलाय! आत काय हाय ते मला कळंना, न् तलाठी साहेब सांगंनात होऽऽ!"

गाव गोळा झालं. मथुराबाई मेंढरं वाटेतच सोडून पळत आली.

"आरं, चांगलं हाय का वाईट, तेवढं तरी सांग!"

"मावशे, ते बी इंग्रजीतच हाय!"

माणसं खदखदली. तलाठी स्वतः वाचायला उभा राहिला, दुसऱ्याच ओळीत अडकला. म्हणे, कायद्याचं इंग्रजी वेगळं असतं. मग हे कागद आमच्या माथी मारता कशाला? लिहिणाऱ्याला धरून एकदा पारावर वाचायला उभा केला पाहिजे!

शेवटी तलाठ्यानं तालुक्याला फोन लावला. तासाभरानं मराठी मजकूर आला. गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प होणार. चाळीस एकर.

"आन् मेंढरांनी काय ऊन खायचं?" मथुराबाई कडाडली.

तलाठ्यानं घाम पुसला. "कळलं ना सगळ्यांना? टाका आता सही, आजच्या तारखेची."

"थांबा की. शरणम्माला कुठं मराठी येतंय?"

धोंडप्पानं पुन्हा हलगी बडवली आणि सगळा मजकूर कन्नडमधून सांगितला. मागं बसलेली म्हातारी शरणम्मा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग काठी टेकत तलाठ्यासमोर आली आणि तावातावानं बोलू लागली.

तलाठी गोंधळला. "काय म्हणतात ह्या?"

"पैली हरकत माझी लिवून घ्या म्हणती."

तलाठ्यानं पेन काढला. तेव्हा कुठं धोंडप्पानं सही ठोकली.