बगरूला मी साडी धुतली

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. सुनेकडून ऐकलीत तर तिखटमीठ जास्त पडेल!

मुलाची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, म्हणून मी भुसावळहून महिनाभर राहायला गेले. शाळेची पायरी मी चढलेली नाही, अक्षरं माझी मी शिकले. त्यामुळे कुठेही गेले की विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. या शहराला गुलाबी का म्हणतात? मला तर भिंती सरळ गेरूच्या रंगाच्या दिसल्या! रिक्षावाल्याला तसं सुनावलंसुद्धा. तो म्हणतो, "माताजी, आप जो बोलो वही रंग." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझी सून प्राजक्ता जयपुरातच झालान्याला एका कंपनीत आहे. रविवारी मात्र ती जवळच्या बगरू गावाला जाऊन कापडावर ठसे मारायला शिकते. धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायला तिनं स्वतःच्या हातानं एक साडी छापायला घेतली होती. लग्न तोंडावर आलेलं. "आई, येता का बघायला?" तिचं वाक्य संपायच्या आत मी चपला घालून दारात!

छापखाना म्हणजे तिला शिकवणाऱ्या रामधनजींच्या घरापुढचं मोठं अंगण. एकीकडे निळीचे हौद, दुसरीकडे स्वच्छ पाण्याचा, आणि मधे जमिनीवर कापडंच कापडं वाळत घातलेली.

"ती बघा आपली साडी," म्हणून प्राजक्ता रामधनजींच्या बायकोबरोबर आत रंगाचं बघायला गेली.

मी जवळ जाऊन साडी बघितली. पांढऱ्याशुभ्र साडीवर चिखल! वरून लाकडाचा भुसा! तोही कसा, तर बारक्या पावलांच्या शेळ्या एका रांगेत चालत गेल्यासारखा. इथली जनावरंसुद्धा शिस्तीची आहेत बाई, असं मनात आलं माझ्या!

पोरीनं इतकी हौसेनं केलेली साडी मातीत गेली. ती बाहेर येऊन रडायच्या आत मलाच काहीतरी करायला हवं होतं ना? आणि धुण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी अजून जन्मलेलं नाही.

उचलली साडी, घातली पाण्याच्या हौदात.

अंगणात दोनच माणसं. बाजेवर डोळे मिटून पडलेले रामधनजी, आणि त्यांची सून कमला, हनुवटीपर्यंत घुंघट ओढलेली. ती धावत आली नि दोन्ही हात हलवायला लागली. मी समजले, पाहुण्या म्हातारीनं कष्ट करू नयेत म्हणून.

"रहने दे बेटी, मेरे को आदत है!"

तिनं साडीचं टोक धरून ओढलं. किती मदतीला तत्पर!

"हां, पकड. अब पीळ!"

ती बिचारी बाजेकडे बोट दाखवी, मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवी. एवढं मात्र मला कळलं. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही! माझं डोकंच फिरलं.

"सासरा सोया है, फिर भी चूप? भगवानने मुंह कायको दिया? घुंघट उपर कर और बोल!"

असं भाषण देत मी साडी लख्ख केली, झटकली, दोरीवर टाकली. आणि कमलानं घुंघट फेकला मागे!

"माताजी, वो कीचड़ नहीं था! वो तो छपाई थी!"

मग ती जी सुटली! मातीचा ठसा मारायचा, वर भुसा टाकायचा, वाळला की साडी निळीत बुडवायची. माती असते तिथं नीळ लागत नाही. मग ती धुतली की पांढरी वेलबुट्टी निघते. मी बुडवायच्या आधीच वेलबुट्टी धुऊन मोकळी!

रामधनजी ताडकन उठून बसले. "ये कौन बोला?"

तोवर प्राजक्ता बाहेर आली. दोरीवरची कोरी साडी तिनं पाहिली, मग माझे ओले हात. रामधनजींनी साडी चाचपली नि म्हणाले, "बिटिया, अब टाइम कम है. किनारी छाप देंगे, बाकी सादी नीली." तिनं नुसती मान हलवली.

परतताना गाडीत मला ती शांतता सोसवेना. "बोलून टाक बाई एकदाचं," म्हटलं.

लग्न होऊन आल्यापासून "हो आई"च्या पलीकडे न गेलेली माझी सून घर येईपर्यंत थांबली नाही हो! साडीपासून सुरुवात केली, ती मी तिच्या पोळ्यांना ठेवलेल्या नावांपासून माझ्या दिवाळीतल्या रुसण्यापर्यंत पोचली. आणि एकही शब्द खोटा नव्हता.

मी काय केलं म्हणता? खिडकीकडे तोंड फिरवलं आणि गुपचूप पदर ओढून घेतला. अगदी हनुवटीपर्यंत!