खिडकीतलं टेलिव्हिजन

माझ्या मोठ्या जाऊबाई नसत्या, तर यातलं काहीच घडलं नसतं. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगात आली की माणूस आपलंच घोडं दामटत सुटतो आणि ज्यानं हात दिला त्याचं नाव राहून जातं.

जाऊबाई तिवशाकडच्या. बोलणं तिकडचंच, थेट. मी वेंगुर्ल्याकडची. वडील गेले तशी आठवीतून शाळा सुटली, आणि पुढे कुणाच्या तरी ओळखीनं अमरावतीच्या वकिलांच्या घरात सून म्हणून येऊन पडले. घरात सगळे शिकलेले. आपलं काही चुकू नये म्हणून मी दिवसभर अंग चोरून वावरत असे. "काय करून राहिली?" असं कुणी सहज विचारलं तरी मला वाटे, झालं, काहीतरी बिघडलं.

जाऊबाईंनी माझं हे घाबरणं लवकरच ओळखलं. "कावून भेतं वं तू? आमी भांडत नाई. आमचं बोलनंच असं हाये."

उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत बसायचो. त्यांना वाचायचा कंटाळा, पण ऐकायची फार हौस. मामंजींच्या कपाटात एक जुनी कादंबरी होती, कसरीनं खाल्लेली. परागंदा राजपुत्र, कपटी प्रधान, दरोडेखोर, भुयार, सगळं होतं त्यात. वाक्यं मात्र अशी लांबलचक की वाचता वाचता दम लागे. राजपुत्राच्या मागे दरोडेखोर लागलेत आणि तो उभा राहून नीतीचा श्लोक म्हणतो, तिथे मी आले आणि जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पळ ना बापा! चोर मांगं लागले अन् हा श्लोक म्हनून राहिला! याच्या संगं कोनी शहानं मानूस नाई का?"

मला इतकं हसू आलं की डाळ सांडली. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला तो शहाणा माणूस दिसू लागला. राजपुत्राचा नोकर. पोटात भूक, तोंडात तिवशाची भाषा, आणि राजपुत्र श्लोक म्हणायला लागला की त्याची बाही ओढणारा. दुसऱ्या दिवशी मी तेवढा प्रवेश पाठकोऱ्या कागदावर लिहिला आणि घाबरत घाबरत जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या तडक उठून गेल्या आणि धाकट्या दिरांना हाताला धरून घेऊन आल्या. "वाच पुन्हा."

दीर नुकतेच दिल्लीला जाऊन आले होते आणि तिथं पाहिलेल्या टेलिव्हिजनचं वर्णन करून त्यांनी सगळ्यांचे कान किटवले होते. "रेडिओलाच खिडकी बसवली आहे असं समजा. आत माणसं दिसतात. बहुतेक कमरेच्या वरचीच."

"मंग आपल्या घरी काय खिडक्या नाईत?" जाऊबाई म्हणाल्या.

असं आमचं टेलिव्हिजन सुरू झालं. ओसरीवरची मोठी खिडकी अंगणात उघडायची. शनिवारी संध्याकाळी अंगणात सडा घालून सतरंज्या टाकायच्या, घरची आणि शेजारची मंडळी बसायची, आणि खिडकीचं दार उघडलं की आत राजपुत्र. राजपुत्र दीर, नोकर जाऊबाईंचा मोठा मुलगा. कमरेखालचं दिसत नसल्यामुळे आमची फार सोय झाली. घोडा लागलाच नाही. दोघं जागच्या जागी वरखाली उड्या मारायचे, आणि खिडकीखाली बसून जाऊबाई नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटायच्या. कधी मुद्दाम टापा थांबवायच्या. मग राजपुत्राला उडी मधेच धरून घोडा अडल्याचं सोंग करावं लागे. मी त्यांच्याशेजारी कागद धरून बसायची, कुणी अडला तर खालून शब्द पुरवायला.

मामंजींनी परवानगी दिली होती, पण वकिली भाषेत. "सुनांनी खिडकीत दिसायचं नाही. आणि चार लोकांत बोभाटा झाला, की दार कायमचं बंद."

मला ते 'कायमचं' झोपेतही ऐकू यायचं. त्या घरात आल्यापासून शनिवारचा तो तासच काय तो माझा होता. बाकीच्या वेळी मी आठवी झालेली, लांबून आणलेली सून. शनिवारी मात्र शेजारचे अत्तरवाले चाचा निघताना खिडकीपाशी येऊन विचारायचे, "बहू, वो परधान को पकडेंगे ना अगले हफ्ते?" आणि ते मला एकटीलाच ठाऊक असायचं. प्रत्येक भाग मी ऐन अडचणीत तोडत असे. जाऊबाई दार धाडकन लावायच्या आणि आतून ओरडायच्या, "जा आता, जेवा!" लोक कुरकुरत, हसत उठायचे. ही आमची रीतच पडून गेली.

मग अकोल्याला मामेसासऱ्यांकडे नातवाची मुंज निघाली आणि त्यांचा निरोप आला : तुमचं ते टेलिव्हिजन आणा. थोडं पंगतीआधी, थोडं पंगतीनंतर. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही निघालो, तेव्हा करवंट्या माझ्याच पिशवीत होत्या. माझं मात्र लक्ष लागेना. घरच्या अंगणात चुकलं तर घरातच राहिलं असतं. इथं मामंजींच्या ओळखीचे वकील, अख्खा गोतावळा.

मुंज लागली. मंडळी मांडवात जमली. त्यांची खिडकी आमच्याहून उंच, त्यामुळे दीर पाटावर उभे. लोक पहिल्यापासून हसत होते. राजपुत्र आणि नोकर भुयारात शिरले, मागून गजांचं दार लागून कुलूप पडलं, पुढून कुणाचा तरी घोरण्याचा आवाज आला, आणि ठरल्याप्रमाणे जाऊबाईंनी दार लावलं. सवयीनं ओरडल्याही, "जा आता, जेवा!"

कुणी उठलंच नाही.

आमच्या अंगणातल्या लोकांना ठाऊक होतं, दार लागलं की आठवडाभर उघडत नाही. या मंडळींना वाटलं, दार लागलंय म्हणजे आता उघडेल. पलीकडे पानं मांडलेली, रांगोळ्या काढलेल्या, भात वाढायला घेतलेला. मामेसासरे हात जोडून विनवू लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आधी तो घोरतो कोण ते सांगा, मग बसतो." पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी फटीतून पाहिलं. मामंजी खांबापाशी उभे होते, आणि ते लोकांकडे नाही, खिडकीकडे पाहत होते. संपलं, म्हटलं. बोभाटा झाला.

"उघडू का दार?" दिरांनी विचारलं.

"भात गार होईन," जाऊबाई म्हणाल्या. "सुना खिडकीत नाई दिसाच्या ना? मंग पंगतीत तं दिसतेच. वाढाले कोन जाते?"

त्यांनी पदर खोचला, वरणाची बादली उचलली आणि सरळ मांडवात गेल्या. "जो पाटावर बसन, त्यालेच पुढचं ऐकू येईन!"

मंडळी बसली! एकमेकांना ढकलत बसली. जाऊबाई पहिल्या पानावर वरण घालत म्हणाल्या, "भुयारात अंधार. आपला नोकर भिंत चाचपून राहिला... भाताले आळं करा, मामाजी... अन् हाताले काय लागलं?" पुढच्या पानापाशी गेल्या. "मिशी!" मागून दीर मिठाचं ताट घेऊन राजपुत्राच्या आवाजात श्लोक म्हणत आले, आणि जाऊबाईंचा पोरगा त्यांची बाही ओढत. मी भाजीचं पातेलं घेतलं आणि जाऊबाई अडल्या की त्यांच्या मागून हळूच सांगत राहिले. भाजी कुणाच्या पानाबाहेर पडली नाही.

तेवढ्यात आचारी आला, हातात झारा, अंगाला पीठ, रागानं लाल. "भाताचा दगड झाला! काय तमाशा लावला?" त्याला बघताच सगळ्या पोरांनी एकच गिल्ला केला, "दरोडेखोर! दरोडेखोर!" टाळ्या पडल्या. तो बिचारा आणखी चिडला, आणि जितका चिडला तितक्या टाळ्या. जाऊबाईंनी त्याच्यासमोर बादली धरली. "सरदार, आमाले मारा, पन आधी वाढा." शेवटी तोही हसला आणि भात घेऊन पंक्तीत शिरला.

जिलबी फिरेपर्यंत तो घोरणारा प्रधान सापडला होता आणि पंगत संपत आली होती. मी मामंजींच्या पानापाशी आले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भुयाराचं दार कुणी उघडलं?"

चार लोकांत त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. "नोकरानं," मी म्हटलं. "राजपुत्राला श्लोक म्हणायला लावलं. तो ऐकून बाहेरचा पहारेकरी झोपला, आणि यानं गजांतून हात घालून त्याची किल्ली काढून घेतली."

"पुस्तकात तसं नाही."

"नाही."

आसपासची माणसं जेवायची थांबली होती. मामंजींनी जिलबीचा तुकडा मोडला. "श्लोकाचा काही उपयोग झालेला पहिल्यांदाच ऐकतो आहे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर पुढची गोष्ट काढा. कपाट उघडंच असतं. आणि त्या पाठकोऱ्या कागदांवर लिहू नका, मी चांगले आणवतो."

वाढणाऱ्यांची पंगत अगदी शेवटी बसली. तोवर भात खरंच गार झाला होता आणि जिलब्या संपल्या होत्या. जाऊबाईंचा घसा बसला होता. गार भातावर गार वरण घेऊन त्या जेवत होत्या, आणि मी काही बोलायला गेले तर हातानंच म्हणाल्या, जेव.

त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी लिहिल्या. खिडकी आहे, दीर आता नोकरीला गेलेत, राजपुत्र पुतण्या होतो. जाऊबाई अजून करवंट्या वाजवतात, आणि एकही भाग त्यांनी समोरून पाहिलेला नाही. तर एक दिवस मी त्यांना मांडवाच्या मधोमध पाटावर बसवणार आहे, पहिल्या पंक्तीत, पहिल्या पानावर. भात वाफाळता असेल, जिलबी कढईतून काढलेली. अख्खी गोष्ट त्यांच्या एकटीसाठी होईल आणि वाढायला मी असेन. हे मी त्यांना अजून बोलले नाही. बोलले तर म्हणतील, "कावून वं, मले काय झालं?" पण करणार आहे.