तोफखान्यातला कान

कडेगावाजवळच्या वस्तीवर आकारामला सगळे गनर म्हणतात. तोफखान्यात बावीस वर्षं काढून आलेला माणूस. वय पंचाहत्तरीला टेकलं, तरी चालताना पावलं अजून सारख्या अंतरावर पडतात. बोलणं थोडकं. समोरचा बोलायला लागला की हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो. लोकांना त्याचं कौतुक. म्हणायचे, फौजी माणूस नजर चुकवत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि त्याचा कान गेला. त्याला तरी तसंच वाटलं. गंमत अशी, की इतरांचं बरंचसं कळायचं. बायकोचं, बनाबाईचं, तेवढं कळेना. ती बोलायची, तिचे ओठ हलायचे आणि आकाराम ओसरीवर नुसता उभा राहायचा. पन्नास वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. बनाबाईला आधी राग आला, मग तिला ते लागलं. शेजारणीला म्हणाली, आमच्या मालकांना साऱ्या गावाचं ऐकू येतं, माझंच तेवढं न्हाई. त्या दिवसापासून ती घरात बोलेनाशी झाली. भाकरी पुढं ठेवायची आणि चुलीकडे वळायची. तेव्हा आकारामनं ठरवलं, कानाचं यंत्र घ्यायचं.

आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कराडच्या दुकानात काचेखाली यंत्रं मांडली होती. दुकानदारानं एका कानाचे पस्तीस हजार सांगितले. शेजारीच शेंगदाण्याएवढं एक होतं, ते दीड लाखाचं. ऐकू दोन्हींनी येणार, मग दीड लाखवाल्याला जास्तीचं काय ऐकू येतं, हे आकारामला उमजेना. त्यानं विचारलंही. दुकानदार खूप वेळ समजावत राहिला, पण बोलताना तो यंत्राकडे बघत होता, त्यामुळं आकारामला काही कळलं नाही.

मुलगा जयराज पुण्याला कंपनीत. सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, काळजी करू नका, कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं आहात. आकाराम हरखला. पुढच्या खेपेला जयराज कागद घेऊन आला, पण तोंड उतरलेलं. दवाखान्यात खाटेवर पडलं तर विमा पैसे देतो. चष्मा, दातांची कवळी आणि कानाचं यंत्र मात्र एका ओळीत लिहून विम्यातून बाहेर काढलेलं. आकारामनं विचारलं, "म्हंजी पाय मोडला तर त्यो इम्यातला, आन् कान गेला तर त्यो माझा एकट्याचा?" जयराजनं कागद उलटा करून पाहिला. मागं काहीच नव्हतं.

शेवटी उरलं फौजेचं कार्ड. सांगलीच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाबूनं सांगितलं, यंत्र मिळेल, पण कानाच्या तपासणीचा कागद लागेल. कान किती गेलाय त्याचा त्यावर आकडा येतो. आकडा पुरेसा असेल तर यंत्र, नाहीतर नाही. आकारामनं हे दोनदा विचारून घेतलं. आयुष्यभर ज्या परीक्षेत पास व्हायची धडपड केली, तिच्यात आता नापास व्हायचं होतं.

तपासणी सांगलीतच एका ठिकाणी होती. काचेची छोटी खोली, आत एक खुर्ची. अपूर्वा नावाच्या मॅडमनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, कितीही बारीक आवाज आला तरी दाबा, नाही आला तर दाबू नका. मग त्या काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी जाऊन बसल्या. त्यांच्या मागं बाकावर बनाबाई, पदर हनुवटीशी धरून.

तपासणी संपली. अपूर्वा मॅडम दार उघडून समोर उभ्या राहिल्या. "काका, कान वयाच्या मानानं चांगला आहे. यंत्राची गरज दिसत नाही."

आकारामनं आधी बायकोकडं पाहिलं, मग कागदाकडं. कान चांगला असेल तर ही बोलते ते कुठं जातं? बनाबाईची मान खाली गेली. तिला जे वाटत होतं, ते आता कागदावर आलं होतं.

मॅडमनाही कुठंतरी खटकलं असावं. एकदा परत बघू, म्हणाल्या. पुन्हा बटण, पुन्हा काच. थोड्या वेळानं त्या मध्येच थांबल्या, आत आल्या आणि त्याच्यासमोर वाकून सावकाश बोलल्या. "मी आत्ता आवाज दिलाच नव्हता. नुसता हात हलवला. तरी तुम्ही बटण दाबलंत."

आकाराम आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. तो अंगठा जणू दुसऱ्याच कुणाचा होता. काचेतून मॅडमचं कोपर दिसत होतं, कोपर हललं की अंगठा खाली जात होता. त्यानं ठरवून काही केलं नव्हतं.

मग त्याला सगळं आठवलं. "मॅडम," तो म्हणाला, "ह्ये फौजेला कळवावं लागतंय का?"

"मी आजचा कान तपासते, काका. कागदावर आजचाच येणार."

तेव्हा त्यानं सांगितलं. तोफ उडाली की कानात शिट्टी राहायची, तासभर, मग दिवसभर, मग आठवडाभर. शिट्टी गेली की ऐकू थोडं कमीच यायचं. पण मेडिकलमध्ये कान अडकला तर कॅटेगरी खाली येणार, हवालदारकी जाणार, कदाचित घरीच पाठवणार. डॉक्टर पाठीमागं उभा राहून कुजबुजायचा आणि ते शब्द म्हणून दाखवायचे असत. आकारामची पाठ डॉक्टरकडं, तोंड मात्र रांगेकडं. रांगेतला जोडीदार डॉक्टरचे शब्द ओठांनी पुन्हा म्हणायचा, आवाज न करता. तिथं आकाराम ओठ वाचायला शिकला. पुढं तपासणीला यंत्र आलं, तेव्हा ते चालवणाऱ्या शिपायाचं कोपर वाचायला शिकला. दरसाल पास झाला. पास होता होता त्याचं त्यालाच कळेनासं झालं, की आपण ऐकतोय का बघतोय.

बनाबाई कधी उठून दारात आली ते त्याला समजलं नाही.

"म्हंजी चाळीस वर्सं तुमाला माझं ऐकूच येत न्हवतं?"

ती हे मोठ्यानं म्हणाली, आणि थांबून, एकेक शब्द सुटा करून. म्हणून त्याला कळलं.

"कळत हुतं की."

"मग आताच का कळंना?"

आकारामनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. दिवाळीत तिचे उरलेसुरले दात काढून नवी कवळी बसवली होती. वरचा ओठ पुढं आला होता, खालचा आत वळत होता. इतकी वर्षं पाठ केलेला चेहरा, आणि बोलताना तो अनोळखी वाटत होता. कान दिवाळीत गेलाच नव्हता.

"तुजं दात," तो म्हणाला. "दात बदललं, बना."

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. हसावं का रडावं हे तिचं तिलाच ठरवता येईना. "मग मी बोलली ती कुणासंगं वो? आं?" ती म्हणाली.

मॅडमनी खुर्ची भिंतीकडं फिरवली. आता काच नाही, कोपर नाही, समोर नुसता पांढरा रंग. अंगठा दाबायला बघत होता, आकारामनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. वेळ गेला. लांब कुठंतरी, शेतापलीकडं कुणी बारीक शीळ घालावी तसं दोनदा वाटलं, तेवढंच दाबलं. बाकी सगळी शांतता. आपल्या आत एवढी शांतता साठलीय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आकडा आला. पुरेसा होता, जास्तच होता. आता हा कागद परत दवाखान्यात, तिथून अर्ज वर, यंत्र एका कानाचं मंजूर होतं की दोन्ही, आणि कधी, ते मॅडमना सांगता येईना. कसं ऐकू येतं ते बघा म्हणून त्यांनी आपल्याकडचं एक यंत्र त्याच्या कानात बसवलं, जाताना परत द्यायच्या बोलीवर. मग बनाबाईला म्हणाल्या, मागं उभ्या राहून काहीतरी बोला.

बनाबाई दारातच, त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"बाहीर च्या घ्यायचा का?"

आकाराम दचकला. आवाज घोगरा होता, थकलेला, म्हाताऱ्या बाईचा. इतकी वर्षं तिच्या ओठांवर त्यानं जो आवाज ऐकला होता, तो लग्नानंतरच्या सुट्टीतला होता, बारीक आणि खणखणीत. तो तिथं त्यानं स्वतःच ठेवला होता. मग हा कुणाचा? त्यानं वळून पाहिलं. दारात बनाबाईच होती, पदर अजून तोंडाला.

मॅडमनी यंत्र घ्यायला हात पुढं केला. आकारामनं दोन बोटं वर केली, थोडं थांबा म्हणून, आणि खुर्चीत परत भिंतीकडं तोंड करून बसला.

"आनिक बोल," तो म्हणाला. "पदर काढू नगंस. तसंच बोल."