बाटलीतली खापरपणजी

डल्सीमावशीची सगळी नोकरी पहिल्या गोऱ्या कप्तानाचं जुनं घर झाडण्यात गेली, हे आठवलं की मला अजून चीड येते.

सिडनीच्या दक्षिणेला आमच्या किनाऱ्यावर सरकारी उद्यान आहे. तिथे समुद्रपक्ष्यांना कुंपण, कप्तानाच्या घराला नवं छप्पर आणि आम्हा मूळच्या लोकांना एक पाटी: 'इथे शिंपल्यांचा ढीग होता.' होता म्हणे! गेला कुठे, ते लिहायला हात झडले का मेल्यांचे? आमचे पूर्वज तिथे बसून कालवं खायचे आणि मेले की तिथेच पुरले जायचे. कप्तानाने ढीग उपसला, भट्टीत भाजून चुना केला आणि घर लिंपलं. मावशीची खापरपणजी त्याच ढिगात होती. म्हणून तर तिने ही नोकरी धरली. भिंत पुसताना ती तिच्याशी हळूच बोलायची. बघायला आलेले लोक फिदीफिदी हसायचे.

यंदा जुना गिलावा खरवडायला काढला. मावशी मला घेऊन व्यवस्थापकाकडे, ग्रँटकडे गेली. म्हणाली, तो चुना आम्हाला द्या, जिथून नेला तिथेच पुरतो. त्याने आवाजात साखर घोळून सांगितलं की हा वारसा आहे, असा कुणालाही देता येत नाही. कुणालाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी "बरं" म्हणाली आणि बादली उचलून कामाला लागली.

पुढच्या महिन्यात उद्यानाच्या दुकानात बोटभर बाटल्या आल्या. आत पांढरा भुगा, गळ्यात सुतळी, वर छापलेलं: 'इतिहासाचा तुकडा घरी न्या.' एक बाई म्हणाली, न्हाणीघरात छान दिसेल. शी!

मावशीने टोपली घेतली आणि सगळ्या बाटल्या त्यात भरल्या. विक्री बघून ग्रँट खुशीत आला.

"मावशी, तुम्हाला कर्मचाऱ्यांची सवलत आहे बरं का."

"सवलत नको. पूर्ण किंमत लाव. खापरपणजी आहे ती माझी."

गल्ल्यावरच्या पोरीने खाली मान घालून विचारलं, पिशवी देऊ का. मावशीने अंगावरचा एप्रन सोडून पसरला. "यात घाल. इतकी वर्षं हिला पुसलं, आता घरी नेते."

संध्याकाळी आम्ही दोघींनी त्या पाटीमागे खड्डा केला, बुचं काढली आणि चुना मातीत मिसळला. मावशी पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

सकाळी ती झाडू घेऊन दुकानात शिरली, तर मांडणी पुन्हा गच्च भरलेली. वर नवी पाटी: 'सर्वाधिक खपाची वस्तू.'