अर्ध्यावर ओढलेलं शटर

आमच्या गल्लीतले घड्याळजी चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसून घड्याळं दुरुस्त करत आले. मागच्या महिन्यात पेपरात त्यांच्या कौतुकाची बातमी आली. कॅमेऱ्यावर ऊन येतं म्हणून फोटोवाल्याने त्यांना शटर अर्धं खाली ओढायला लावलं होतं. लोकांनी तेवढा फोटो पाहिला आणि दुकान बंद होतंय असं धरून घेतलं. गिऱ्हाइकं तुटली.

परवा मी तिथे बसलो असताना त्यांचा मेहुणा आला. त्याच्या घड्याळाची काच नवी दिसली.

"कुठे बसवलीस?" घड्याळजींनी विचारलं.

"बाजारात. म्हटलं, दाजी आता दुकान आवरताहेत."

"अरे, रोज इथूनच जातोस ना? इथे काय भूत बसलेलं दिसतं?"

"पेपरात आलं होतं ना, दाजी."

"बातमी वाचलीस?"

"फोटो बघितल्यावर वाचायचं काय उरलं?"

घड्याळजींनी काच निरखली. "चांगली बसवलीय," एवढंच म्हणाले.

तो गेल्यावर ते पुन्हा कामाला लागले. मग मला म्हणाले, "परक्यांचं सोडा हो. पण ह्याला एकदा विचारायला काय झालं होतं?"

फोटो पाहून मीही तसंच समजलो होतो, आणि मीही विचारलं नव्हतं.