बायकोची अंदमानची सहल

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं, असं माझ्या बायकोनं ठरवलं आणि ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. ती मोखाड्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जव्हारहून तिच्याबरोबर आणखी तीन शिक्षिका रोज जीपनं जातात. बेत त्या जीपमध्येच शिजला. घरापर्यंत पोचला तेव्हा विमानाची तिकिटं काढून झाली होती.

"तिथं एका बेटावर जंगलातून पायवाट आहे," पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली. "टेकडीवर पोचलं की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो."

"जंगल बघायला अंदमानला कशाला? इथं काय कमी आहे?"

"इथं समुद्र नाही."

मी मूळचा पोशेऱ्याचा, इथल्याच डोंगरातल्या गावचा. चपला हातात धरून, निसरडा डोंगर उतरून शाळेत जायचो. ती सपाट मुलखातली. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या शेतावर गेलो तेव्हा तिला चढ झेपेना, मी हात धरून नेलं होतं. डोंगर हा आमच्या दोघांत माझा प्रांत होता. आता रोज संध्याकाळी चौघींचे फोन चालायचे. बूट कोणते घ्यायचे, जळवा लागल्या तर काय, बोटीत मळमळलं तर काय. ती खळखळून हसायची. माझ्याशी बोलताना ती अशी शेवटची कधी हसली, ते आठवत मी टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो.

मी अडथळे घालून पाहिले. तिकडे वादळं होतात म्हणालो. आईच्या गुडघ्यांचं कोण बघणार, म्हणालो. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "माझे गुडघे माझ्यापाशी. तिला जाऊ दे."

सराव म्हणून चौघी सकाळी हनुमान पॉइंटपर्यंत चालू लागल्या. एका रविवारी त्या दाभोशाच्या धबधब्याखाली उतरणार होत्या. मीही निघालो. वाट मला माहीत आहे, म्हणालो. वाट त्यांनाही माहीत होती. उतरताना मी सगळ्यांच्या पुढे राहिलो, मागे वळून 'जपून' म्हणत. चढताना मात्र निम्म्यातच धाप लागली. इतकी वर्षं तहसील कचेरीतल्या खुर्चीत बसून काढलेली. तिघी पुढे गेल्या. बायको थांबली, पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन दगडावर टेकली.

"मला न्यावंसं वाटलंच नाही का तुला?" मी विचारलं.



"वाटलं होतं. पण तुम्ही आलात की तुमची गोळी, तुमचा चहा, तुमचं जेवण वेळेवर झालं का, हेच डोक्यात राहील. मला एकदा नुसतं चालायचंय."

"मी काही मागणार नाही."

"तुम्ही मागत नाही हो. मीच करत बसते."

तिनं लागेल असं काही म्हटलं नव्हतं, तरी लागलं. तिच्यापेक्षा त्या तिघींचाच जास्त राग आला.

जायच्या दिवशी मी तिला एसटीत बसवून दिलं. आईनं नागलीचे लाडू दिले होते, तो डबा खिडकीतून आत दिला. गाडी हलायच्या आधीच ती मागच्या सीटवरच्या मैत्रिणीशी बोलायला वळली. मी मोटरसायकल चालू न करता स्टँडवर बराच वेळ उभा होतो.

परत आली तेव्हा नाकाची सालं निघालेली, रंग रापलेला. बॅगही न उघडता आईजवळ बसून सांगू लागली. जंगलात वाट चिखलात हरवली, वाटाड्यानं झाडांवरच्या खुणा शोधल्या, मग एकदम समोर पाणी आलं, हिरवं, तळ दिसेल असं. मी दाराशी पेपर धरून बसलो होतो, ऐकत नाही असं दाखवत. ती पाणी प्यायला थांबली.

"मग पुढं?" आईनं विचारलं.

मलाही तेच विचारायचं होतं.