टॅक्सीचे की जीपचे

मुलांनो, चिंचवडला आमच्या शेजारी एक इंजिनिअर राहत. त्यांच्याकडे दोनच माणसांची जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार होती. तिचे शॉक अब्सॉर्बर गेले होते आणि तसेच नवे इथे मिळत नव्हते. शिफ्ट संपवून दमलेले ते आमच्या पायरीवर बसत आणि रोज तेच विचारत, "वहिनी, टॅक्सीचे बसवू की जीपचे?" टॅक्सीचे मऊ होते, त्यांनी गाडी वळणावर कलली असती. जीपचे कडक होते, त्यांनी प्रत्येक खड्डा पाठीत बसला असता. ऐकून ऐकून मीही दमले होते.

त्यांच्या बायकोची पाठ अधू होती. "मी माहेरी तळेगावला एसटीनेच जाईन," ती म्हणे. "तुमच्या रथात बसायला आधी दुसरी पाठ आणून द्या." ते हसत, पण शेजारची रिकामी सीट त्यांना बघवत नसे.

शेवटी त्यांनी आपल्या बाजूला जीपचे आणि तिच्या बाजूला टॅक्सीचे बसवून घेतले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, अशी गाडी लंगडत चालंल."

"चालू दे. जोरात न्यायचीच नाही."

त्या रविवारी देहूरोडजवळ ती गाडी आम्हाला एका बैलगाडीमागे सावकाश डोलत जाताना दिसली. तुमच्या आजोबांनी स्कूटर तिच्या बरोबरीने नेली आणि हॉर्नकडे बोट नेलं. गाडीतून इंजिनिअरांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. शेजारच्या सीटवर बायकोला झोप लागली होती.